विमानाच्या मागे उरतं ते

मुंबईहून लंडनला जाणारं एखादं मोठं विमान साडेनऊ-दहा तासांत सुमारे ७,२०० किलोमीटर कापतं आणि तेवढ्यासाठी साधारण ५० टन एटीएफ, म्हणजे विमानासाठी शुद्ध केलेलं रॉकेल, जाळतं. हिथ्रोवर चाकं टेकतात तेव्हा टाकीत राखीव साठा तेवढा शिल्लक असतो. बाकीचं सगळं मागच्या हवेत गेलेलं असतं, तेही वजनाने चौपटीहून जास्त होऊन. रॉकेलच्या एका किलोत सुमारे ८६० ग्रॅम कार्बन असतो. जळताना त्याचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू ओढून घेतो आणि एक किलो इंधनाचा ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. उरलेल्या हायड्रोजनचं पाणी होतं, ते सव्वा किलोच्या आसपास. म्हणजे या एका फेरीत दीडशे टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड आणि साठ टनांच्या घरात पाण्याची वाफ. प्रवाशांवर वाटला तर हा कार्बन डायऑक्साइड माणशी सहाशे किलोच्या आसपास येतो. भारतात माणशी वर्षाचं सरासरी उत्सर्जन दोन टनांच्या जवळपास आहे. लंडनला जाऊन परत आलं की त्यातला निम्म्याहून जास्त वाटा दोन रात्रींत संपला.

हा हिशेब सोपा आहे आणि विमानांच्या प्रदूषणाची चर्चा बहुतेक वेळा इथेच थांबते. २०१८ मध्ये जगभरातल्या विमानांनी मिळून १०० कोटी टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडला. माणसाच्या एकूण उत्सर्जनाच्या तो अडीच टक्के भरतो. अडीच टक्के म्हणजे किरकोळ, असं विमान कंपन्या म्हणतात. पण या आकड्यात विमानाने हवामानावर केलेल्या परिणामाचा जेमतेम एक तृतीयांश भाग येतो. उरलेले दोन तृतीयांश कुठून येतात, हे समजायला विमान कुठे उडतं ते आधी पाहायला हवं.

कार्बन डायऑक्साइडला जागेचं बंधन नाही. तो चंद्रपूरच्या वीजकेंद्रातून निघो, पुण्यातल्या मोटारीतून निघो, की अटलांटिकवरच्या विमानातून. वर्षभरात तो सगळ्या जगाच्या हवेत मिसळतो आणि त्यातला मोठा भाग शतकानुशतकं तिथेच राहतो. बाकीचे पदार्थ मात्र कुठे सोडले, किती उंचीवर सोडले, दिवसा सोडले की रात्री, यावर त्यांचा परिणाम पुरता बदलतो. माणसाची इतर सगळी धुरांडी जमिनीलगत आहेत. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, उणे पन्नास अंशांच्या हवेत, रोज हजारो ठिकाणी धूर सोडणारं यंत्र एकच, ते म्हणजे विमान.

शाळेच्या भूगोलात आपण वातावरणाचे थर शिकलो. खाली तपांबर, त्यात ढग, पाऊस, वारे. वर स्थितांबर, कोरडं आणि स्थिर. दोन्हींच्या मध्ये तपस्तब्धी. ही सीमा सगळीकडे सारख्या उंचीवर नसते, हे मात्र फारसं लक्षात राहत नाही. विषुववृत्ताकडे ती सोळा-सतरा किलोमीटरवर असते, ध्रुवांकडे आठ-नऊ किलोमीटरपर्यंत खाली येते. म्हणून अकरा किलोमीटरवरून नागपूर ओलांडणारं विमान तपांबरातच असतं, आणि त्याच उंचीवरून उत्तर अटलांटिक ओलांडणारं विमान पुष्कळदा स्थितांबरात शिरलेलं असतं. तपांबरात सोडलेली वाफ काही दिवसांत पाऊस किंवा बर्फ होऊन खाली येते. स्थितांबरात पाऊस नाही. तिथे शिरलेली वाफ महिनोन् महिने रेंगाळते.

उंचीचं हे महत्त्व जगाच्या पहिल्यांदा ध्यानात आलं ते एका वेगळ्याच वादातून. १९६० च्या दशकात ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमानांचं वेड होतं. ब्रिटन आणि फ्रान्स कॉन्कॉर्ड बांधत होते, अमेरिकेत बोईंगला त्याहून मोठं विमान बांधायचं होतं, आणि आपल्या एअर इंडियानेही दोन कॉन्कॉर्डसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं. अशी पाचशे विमानं लवकरच स्थितांबरातून उडू लागतील, असा तेव्हाचा अंदाज होता. १९७० मध्ये पॉल क्रुटझन यांनी दाखवून दिलं की नायट्रोजनची ऑक्साइड्स स्थितांबरातला ओझोन नष्ट करतात आणि तसं करताना स्वतः संपत नाहीत, पुन्हा पुन्हा कामाला येतात. पुढच्या वर्षी बर्कलीचे रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड जॉन्स्टन यांनी हे गणित विमानांना लावलं. अतिवेगवान विमानांच्या इंजिनांतून नेमकी हीच ऑक्साइड्स थेट ओझोनच्या थरात सोडली जाणार होती, आणि जॉन्स्टन यांच्या आकड्यांनुसार तो थर लक्षणीय पातळ झाला असता. अमेरिकेच्या काँग्रेसने त्याआधीच, मार्च १९७१ मध्ये, बोईंगच्या विमानाचा निधी बंद केला होता. खर्च आणि आवाज ही त्याची मुख्य कारणं. पण जॉन्स्टन यांच्या लेखानंतर विषय संपला नाही, मोठा झाला. अमेरिकी सरकारने स्थितांबराच्या अभ्यासाचा भलामोठा कार्यक्रम हाती घेतला. पुढे प्रयोगशाळेत रासायनिक क्रियांचे वेग नव्याने मोजले गेले तेव्हा जॉन्स्टन यांचे आकडे खाली आले. कॉन्कॉर्डही एकूण वीसच बांधली गेली, तेवढ्याने ओझोनला धोका नव्हता. तरीही स्थितांबराचं रसायन आज जे आपल्याला कळतं, त्याचा पाया या वादाने घातला. क्रुटझन यांना १९९५ चं नोबेल पारितोषिक मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांच्यासह मिळालं, ते ओझोनवरच्या कामासाठीच. एखादं तंत्रज्ञान जगभर पसरण्याआधीच त्याचा वातावरणावर काय परिणाम होईल याची गांभीर्याने चौकशी झाली, असे प्रसंग फार थोडे आहेत. या प्रसंगाकडे मी आदराने पाहतो.

आजच्या साध्या जेट विमानांमधून निघणारी हीच नायट्रोजन ऑक्साइड्स दहा-अकरा किलोमीटरवर बरोबर उलटं काम करतात, तिथे ती ओझोन तयार करतात. त्या उंचीवरचा ओझोन हा एक जोरकस हरितगृह वायू आहे. त्याच वेळी ही ऑक्साइड्स मिथेनचा नाश वेगाने घडवतात, म्हणजे थोडा थंडावाही देतात. वजाबाकी केली तर शिल्लक तापण्याच्या बाजूने राहते. इंजिनाच्या रचनाकारांची इथे कोंडी होते. इंधन वाचवायचं तर इंजिनातला दाब आणि तापमान वाढवावं लागतं, आणि तापमान वाढलं की हवेतला नायट्रोजन अधिक जळतो.

पण सर्वांत मोठा परिणाम आहे तो डोळ्यांना दिसणारा. आकाशात जेटच्या मागे लांबलचक पांढरी रेघ उमटते, गावोगाव मुलं ती बोटाने दाखवतात, आणि बहुतेक जण तिला धूर समजतात. ती बर्फाची असते. थंडीत महाबळेश्वरला तोंडातून जशी वाफ दिसते, तशीच तिची सुरुवात होते: गरम, ओलसर हवा अतिथंड हवेत मिसळते आणि त्या मिश्रणाला एवढी वाफ पोटात ठेवता येत नाही. ही रेघ केव्हा उमटेल याचं गणित जर्मनीत एर्न्स्ट श्मिट यांनी १९४१ मध्ये मांडलं. तेव्हा ते युद्धाच्या कामाचं होतं, कारण उंचावरून येणाऱ्या बाँबफेकी विमानांचा माग शत्रूला याच रेघांवरून लागत असे. १९५३ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट ॲपलमन यांनी ते पुढे नेलं. दोघांच्या नावाची कसोटी आजही वापरतात. तिच्यानुसार हवा साधारण उणे चाळीस अंश किंवा त्याहून थंड असावी लागते. मुंबईत उतरणाऱ्या विमानामागे रेघ दिसत नाही ती यामुळेच. ते उबदार हवेत आलेलं असतं. आपल्या डोक्यावर रेघा दिसतात त्या पार उंचावरून देश ओलांडणाऱ्या विमानांच्या.

वाफेला गोठायला काहीतरी आधार लागतो, आणि तो देते इंजिनातली काजळी. एक किलो इंधन जळताना काजळीचे शंभर लाख कोटी किंवा त्याहून जास्त सूक्ष्म कण बाहेर पडतात. प्रत्येक कणाभोवती थेंब जमतो आणि क्षणात गोठतो. कोरड्या हवेत हे स्फटिक लगेच विरतात आणि विमानामागची आखूड शेपटी मिनिटभरात पुसली जाते. काही ठिकाणी मात्र हवा एवढी थंड आणि ओली असते की बर्फाच्या हिशेबाने तिची सापेक्ष आर्द्रता शंभर टक्क्यांच्या वर गेलेली असते. तरीही तिथे ढग नसतो, कारण स्फटिक धरायला आधार नसतो. विमान तो आधार पुरवतं. मग आजूबाजूची सगळी जादा वाफ त्या स्फटिकांवर येऊन बसते. या टप्प्यावर रेघेतलं बहुतेक पाणी इंजिनातलं उरत नाही, ते हवेतलंच असतं. रेघ तासन् तास टिकते, वाऱ्याने फाकते, दुसऱ्या विमानांच्या रेघांमध्ये मिसळते आणि शेवटी विस्तीर्ण, पातळ असा तंतुमेघ तयार होतो. खालून पाहणाऱ्याला तो मानवनिर्मित आहे हे ओळखूही येत नाही. जागतिक हवामान संघटनेने २०१७ मध्ये आपल्या मेघकोशात अशा टिकाऊ रेघांना 'सिरस होमोजेनिटस' असं स्वतंत्र नाव दिलं.

हे पातळ ढग दोन कामं करतात. दिवसा ते थोडं ऊन परत फिरवतात. आणि दिवसरात्र ते जमिनीकडून अवकाशात निघालेली उष्णता अडवतात. दिवसा दोन्ही कामं चालू असल्याने बेरीज कशी येईल हे ऊन, ऋतू आणि खालची जमीन यांवर ठरतं. रात्री ऊन नसतंच, तेव्हा फक्त दुसरं काम उरतं. २००६ मध्ये निकोला स्ट्युबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग्नेय इंग्लंडवरच्या वाहतुकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. रात्रीची उड्डाणं एकूण संख्येच्या फक्त पाव होती, पण रेघांमुळे होणाऱ्या तापण्यात त्यांचा वाटा ६० ते ८० टक्के निघाला. आपल्याकडून युरोपला जाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. मुंबई-दिल्लीहून तिकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीच्या पुढे-मागे निघतात, पश्चिमेकडे जात असल्याने सूर्य त्यांना सारखा मागेच राहतो, आणि सकाळी ती युरोपात उतरतात. जवळजवळ सगळी वाट अंधारातली.

या ढगांचा परिणाम प्रत्यक्ष मोजता येईल का? ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेतली प्रवासी विमानं तीन दिवस जमिनीवर होती. डेव्हिड ट्रॅव्हिस आणि सहकाऱ्यांनी त्या दिवसांतली कमाल आणि किमान तापमानं तपासली. दोन्हींमधला फरक नेहमीपेक्षा एक अंशाहून जास्त वाढला होता. दिवस अधिक तापले होते, रात्री अधिक निवल्या होत्या. २००२ मध्ये नेचर नियतकालिकात हे छापून आलं आणि जगभर गाजलं. नंतर इतरांनी दाखवलं की त्या तीन दिवसांत हवाच स्वच्छ आणि कोरडी होती, तेवढ्यानेही असा फरक पडू शकतो. हे निरीक्षण आजही लेखांतून पुरावा म्हणून दिलं जातं. मला ते पटत नाही. तीन दिवस आणि एकच हवामान यावरून एवढा मोठा निष्कर्ष काढू नये. रेघांविषयीचं आपलं ज्ञान त्यावर उभं नाही. ते उपग्रहांच्या छायाचित्रांवर, विमानामागे दुसरं विमान उडवून केलेल्या मोजमापांवर आणि त्यांच्याशी ताडून पाहिलेल्या गणिती प्रतिमानांवर उभं आहे.

त्या सगळ्याची बेरीज २०२१ मध्ये डेव्हिड ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. विमानांनी तोवर जे केलं त्यामुळे २०१८ मध्ये पृथ्वीच्या प्रत्येक चौरस मीटरवर, थंडावा देणारे परिणाम वजा जाता, सरासरी सुमारे १०० मिलिवॅट जादा उष्णता अडकत होती. त्यात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडचा वाटा ३४, नायट्रोजन ऑक्साइड्सचा साडेसतरा, आणि रेघांपासून झालेल्या ढगांचा ५७. त्यांनीच सांगितलं आहे की ढगांचा हा आकडा १७ ते ९८ मध्ये कुठेही असू शकतो. एवढा मोठा पल्ला पाहून हा आकडा बाजूला सारणारे आहेत. पण पल्ल्याचं खालचं टोकसुद्धा शून्याच्या बरंच वर आहे.

आता ढग आणि कार्बन डायऑक्साइड या दोन गोष्टींची काळाची मापं पाहा. आज रात्री उमटलेली रेघ उद्या दुपारपर्यंत गेलेली असेल. जगातली सगळी विमानं थांबली तर ढगांचं तापवणं दोन-तीन दिवसांत संपेल. २०२० मध्ये महामारीने हे अर्धवट करूनही दाखवलं. त्या वर्षी जगातले विमानप्रवासी ६० टक्क्यांनी घटले आणि रेघाही विरळ झाल्या. पण त्याआधीच्या उड्डाणांचा कार्बन डायऑक्साइड होता तिथेच राहिला. १९४० पासून २०१८ पर्यंत विमानांनी सोडलेला हा वायू ३,२६० कोटी टन होता, आणि त्यातला निम्मा शेवटच्या वीस वर्षांतला. नुसतं '५७ मोठे की ३४' असं विचारणं म्हणूनच दिशाभूल करतं. आजच्या दिवसापुरते ढग मोठे आहेत, नातवंडांच्या दिवसांसाठी वायू मोठा आहे.

रेघांच्या बाबतीत एक अनपेक्षित सोय आहे. ती जादा ओली हवा आडवी शेकडो किलोमीटर पसरलेली असली तरी तिची जाडी काहीशे मीटरच असते. विमान सहाशे मीटर वर किंवा खाली सरकलं तर बहुधा ती टळते. शिवाय जास्त तापवणाऱ्या रेघा फारच थोडी विमानं सोडतात. जपानवरच्या वाहतुकीच्या एका अभ्यासात, २०२० मध्ये, रॉजर टिओ आणि सहकाऱ्यांना दिसलं की रेघांच्या तापवण्यातला ८० टक्के भाग फक्त २.२ टक्के उड्डाणांचा होता. १.७ टक्के उड्डाणांची उंची बदलली तर हे तापवणं ५९ टक्क्यांनी कमी होतं आणि एकूण इंधन ०.०१४ टक्के जादा लागतं. हे कागदावरचं. आकाशात नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट केंद्राच्या नियंत्रकांनी २०२१ मध्ये रात्रीच्या विमानांना अशा सूचना देऊन पाहिल्या. २०२३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी गूगलच्या अंदाजांनुसार ७० उड्डाणं केली. उपग्रहाच्या चित्रांत त्यांच्या रेघा ५४ टक्क्यांनी कमी भरल्या. त्या उड्डाणांना दोन टक्के इंधन जास्त लागलं, आणि तो जादा कार्बन डायऑक्साइड विसरून चालणार नाही. तरीही एवढ्या थोड्या खर्चात एवढा लाभ देणारा हवामानाचा दुसरा उपाय माझ्या पाहण्यात नाही.

इंजिन सुधारलं की रेघाही आपोआप कमी होतील, हा समज मात्र चुकीचा. जर्मनीच्या अवकाश संशोधन संस्थेतल्या उलरिश शूमान यांनी जुनं बोईंग ७०७ आणि नवं एअरबस ए३४० एकाच उंचीवर शेजारी-शेजारी उडवून पाहिलं. नव्याच्या मागे रेघ उमटली, जुन्याच्या मागे नाही. कार्यक्षम इंजिनाचा झोत कमी गरम असतो, त्यामुळे त्यातली वाफ लवकर गोठते.

इंधन बदलण्याचा मार्ग वायू आणि रेघा या दोन्हींसाठी उपयोगी आहे. शेतमालापासून, वापरलेल्या तेलापासून किंवा टाकाऊ पदार्थांपासून केलेल्या इंधनात काजळी करणारी संयुगं जवळजवळ नसतात. ते मिसळल्यावर रेघांमधले बर्फाचे स्फटिक ५० ते ७० टक्क्यांनी घटल्याचं नासा आणि जर्मन संस्थेच्या संयुक्त उड्डाणांत मोजलं गेलं आहे. भारतात ऑगस्ट २०१८ मध्ये स्पाइसजेटचं छोटं विमान डेहराडूनहून दिल्लीला जट्रोफाच्या तेलापासूनचं इंधन मिसळून गेलं. मे २०२३ मध्ये एअरएशिया इंडियाचं विमान पुण्याहून दिल्लीला प्रवासी घेऊन गेलं, त्यात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून बनवलेलं इंधन होतं, एक टक्क्यापर्यंत. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक टक्का, २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्के मिश्रण, असं भारताचं उद्दिष्ट आहे. महाराष्ट्राला यात साखर कारखान्यांचं नवं भवितव्य दिसतं. मला आधी मराठवाड्यातले बोअर दिसतात. पेट्रोलसाठीचं इथेनॉल आधीच उसाकडून मागितलं जात आहे. विमानांसाठी आणखी ऊस लावायचा असेल तर त्याचं पाणी कुठून येणार, हे कारखान्याला परवाना देण्याच्या आधी विचारायला हवं. पिकांचे अवशेष आणि वापरलेलं तेल यांपासून होईल तेवढंच इंधन करावं, असं माझं मत आहे, आणि ते पुरणार नाही हेही उघड आहे.

नियम अजून फक्त कार्बन डायऑक्साइड ओळखतात. १९९७ च्या क्योटो कराराने आंतरराष्ट्रीय उड्डाणं देशांच्या खात्यातून काढून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे सोपवली. तिची भरपाई योजना २०१६ मध्ये ठरली आणि भारताला ती २०२७ पासून बंधनकारक होते. तिच्यात ढगांचं नाव नाही. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून विमान कंपन्यांना कार्बन डायऑक्साइड सोडून बाकीच्या परिणामांचीही नोंद ठेवायला लावली आहे. सध्या फक्त नोंद, पैसे नाहीत.

भारताकडे या क्षणी एक संधी आहे आणि ती लवकर जाईल. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ही विमानं वीस-पंचवीस वर्षं उडणार. रेघा टाळायच्या तर दहा-बारा किलोमीटरवरची आर्द्रता आधी अचूक कळावी लागते, आणि फुग्यांनी दिवसातून दोनदा केलेली मोजणी त्याला पुरत नाही. उडत्या विमानावर बसवलेला आर्द्रतामापक हे काम करू शकतो. कारखान्यातून बाहेर पडतानाच यातल्या शे-दीडशे विमानांवर असे मापक बसवून घ्यावेत, त्यांची आकडेवारी हवामान खात्याला मिळावी, आणि रात्रीच्या युरोपच्या उड्डाणांपासून उंची बदलून पाहायला सुरुवात करावी. विमान ताब्यात आल्यावर तेच काम जास्त महाग पडतं.